बाजीरावभाऊंची जीप पिकअप घेईना

कामशेतहून पवनानगरला एसटी जाते, पण तिच्या भरवशावर राहणाऱ्याचं दुकान कधी वेळेवर उघडत नाही. माझं पवनानगरात शिवणकामाचं दुकान आहे आणि राहायला मी कामशेतला, त्यामुळे रोज जीपनं जाणं आलं. जीप म्हणजे बाजीरावभाऊंचीच. पुढची डावीकडची जागा माझी. ती मला कुणी दिलेली नाही, मी घेतलेली आहे. नवा कुणी तिथं आधीच टेकला असला तर मी काही बोलत नाही, नुसती दाराशी उभी राहून त्याच्याकडे बघते. तो उठतो.

या जागेवरून मी बाजीरावभाऊंना जितकं पाहिलंय, तितकं त्यांच्या बायकोनंही पाहिलं नसेल. उंच, काटकुळा माणूस. साठी गाठलेली, पण कबूल करायची नाही. केस काळे करायचे आणि मिशी मात्र पांढरीच ठेवायची. मी एकदा म्हटलं, "भाऊ, मिशी राहिली की!" तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. घरात एकानं तरी खरं बोलावं." गाव पवनेच्या काठचं, वडील रेल्वेच्या गँगवर कामाला. घरात सायकलसुद्धा नव्हती, तेव्हा या गड्यानं ड्रायव्हिंग शिकून घेतलं, बरीच वर्षं दुसऱ्याची जीप चालवली आणि मग स्वतःची केली. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. डॅशबोर्डवर बुद्धाची बोटभर मूर्ती आणि तिच्यापुढे रोज एक ताजं फूल.

आणि पाय उघडे. गाडीत बसताना चपला काढून सीटखाली सारायच्या आणि अनवाणी चालवायचं. मला आधी वाटायचं, समोर मूर्ती आहे म्हणून असेल. एकदा विचारलंच.

"त्याच्यासाठी न्हाई, ताई," ते म्हणाले. "चप्पल घालून गाडी चालवायची म्हंजे हातमोजा घालून भाकरी थापायची. पिठाचं काय कळंल का तुमाला? गाडी पायाला बोलती. मधी चामडं घातलं की मुकी हुती."

हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्या लाईनीवरचा जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हर अनवाणी चालवतो, कारण निम्म्यांना बाजीरावभाऊंनी शिकवलंय आणि उरलेल्यांना त्या निम्म्यांनी. शिकणाऱ्यानं चप्पल घातली की पोटरीवर चापट बसायची. कुणाला जुनी जीप घ्यायची असली की तो आधी भाऊंना गाठायचा. भाऊ चपला काढून बसायचे, पुलापर्यंत जाऊन यायचे आणि एका शब्दात सांगायचे, घे किंवा नको घेऊ. "मागचं डावं चाक तापाया लागलंय" असं ते चालत्या गाडीत बसून म्हणायचे आणि उतरून हात लावला तर ते खरंच तापलेलं असायचं. डॉक्टर नाडी बघतो, बाजीराव पायानं बघतो, असं स्टँडवर म्हणायचे. म्हणून गेल्या दिवाळीनंतर बाजीरावभाऊ म्हणाले, "गाडी जड झालीय," तेव्हा कुणाच्याही मनात शंका आली नाही. बाजीरावांचा पाय म्हणतोय म्हणजे गाडीतच खोट.

आणि गाडी खरंच जड झाली होती. सपाटीला फारसं जाणवायचं नाही, पण बेडसं गाव मागे पडून खिंडीचा चढ लागला की जीप अशी चालायची, जणू मागं कुणी दोर लावून धरलीय. भाऊ ॲक्सिलेटर दाबायचे, इंजिन नुसतं कोकलायचं, वेग काही वाढायचा नाही. तिसऱ्या गेअरचा चढ त्यांना दुसऱ्यात करावा लागायचा, मग पहिल्यात. मागून येणारी पोरं हॉर्न वाजवत पुढं जायची. ज्यांना भाऊंनी स्टिअरिंग धरायला शिकवलं तीच ही पोरं. ओलांडताना त्यातला एखादा लाजून समोर बघत राहायचा, एखादा हसायचा. हसणाऱ्याला मी खिडकीतून चार शब्द सुनवायचे. भाऊ खालचा ओठ दातात धरून आणखी दाबायचे.

"जितकं दाबावं तितकी मागं वढतीय, ताई," ते मला म्हणायचे. "असं कधी बघितलं न्हाई मी."

त्यात वास. चढ संपत आला की गाडीत करपल्यासारखं काहीतरी भरून यायचं. धोंडाबाई म्हणून एक मासळीवाल्या आहेत, धरणातले मासे सकाळी कामशेतला विकून रिकामी पाटी घेऊन आमच्याच जीपनं परततात. त्या मागून ओरडायच्या, "आरं बाजीराव, काय रं शिजाया घातलंयस?" सगळे हसायचे. स्वतःच्या मासळीच्या पाटीनं अख्खी गाडी घमघमवणाऱ्या बाईनं वासाची तक्रार करावी, यात गंमत होतीच. पण मी भाऊंच्या शेजारी बसलेली, मला त्यांच्या मानेची ताठलेली शीर दिसायची.

स्टँडचा कारभार बघतो तो प्रदीप. वाईट माणूस नाही, पण त्याला सगळ्यांना तोंड द्यावं लागतं. एक दिवस त्यानं भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, पॅसेंजर ओरडतायत, गाडी नीट करा, नाहीतर नंबरातून काढावी लागेल. त्या दिवशी पवनानगरला मी कापडाचे गठ्ठे उतरवत होते तेव्हा भाऊ म्हणाले, "गाडी लायनीतून उतारली म्हंजे मी उतारलो, ताई. मग काय करू? पडवीत बसून कोंबड्या हाकलू?"

मला त्यांची काळजी कळत होती. कामाचा प्रश्न होताच, पण तेवढाच नव्हता. आमच्या भागात एखादी पोर पहिल्यांदा एकटी कॉलेजला निघाली की तिची आई सांगते, "बाजीरावच्या गाडीत बस." गाडीचं नाव कुणी घेत नाही, भाड्याचं कुणी बघत नाही. आयुष्यभर चालवून त्या माणसानं हे एवढंच कमावलं होतं, आणि ते जायची त्याला भीती वाटत होती.

कामशेतला सुहासचं गॅरेज आहे. सुहास हा भाऊंचाच चेला. गाडी चालवायला त्यांच्याकडे शिकला आणि मग तिच्या पोटातल्या कामात रमला. भाऊंवर त्याचा जीव, त्यामुळे त्यानं हातचं काही राखलं नाही. एअर फिल्टर काढला, त्यात निघालेल्या धुळीत मेथी पेरता आली असती. तो बदलला. डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल साफ करून आणले. जॅक लावून चारही चाकं उचलली आणि हातानं फिरवून बघितली. फिरकीसारखी फिरत होती, कुठं अडत नव्हती. मग गाडी महामार्गावर चक्कर मारून आणली.

"भाऊ, झकास पळतीय," तो म्हणाला.

"रिकामी पळंल की! भरली की बघ."

पण भरलेली गाडी सुहासच्या हाती कधी आलीच नाही. भाऊंचा कायदा होता. पॅसेंजर बसलेले असताना त्यांच्या जागेवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. "लोकं माझ्या नावावर बसल्याली असत्यात," ते म्हणायचे. त्यामुळे सुहास चालवायचा ती रिकामी आणि हलकी, भाऊ चालवायचे ती भरलेली आणि जड. दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही एकमेकांवर चिडत होते.

शेवटी भाऊंनीच निदान केलं. "ब्रेक धरत्यात. माज्या पायाला कळतंय. ढिले कर."

सुहास म्हणाला, "चाकं मोकळी हायत, भाऊ. उगा ढिले कशाला करायचे?"

"मी सांगतोय न्हवं?"

सुहासनं ढिले केले. गुरूपुढे बोलायची आमच्याकडे रीत नाही, आणि या गुरूचा पाय आजवर चुकला नव्हता.

गंमत अशी की गाडी सुधारली. तीन-चार दिवस चढ दुसऱ्यात निघाला, वास कमी झाला. भाऊंनी स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला, स्वतःही प्यायले, वर आणखी चमचाभर साखर मागून घेतली. "म्हटलं न्हवतं?" असं ज्याला त्याला सांगत होते. मीही खूश होते. चहा पिऊन भाऊ गाडीकडे निघाले आणि टपरीवाला मागून ओरडला, "भाऊ, चप्पल ऱ्हायली!" बघतो तर एक पाय चपलेत, एक पाय अनवाणी, आणि दुसरी चप्पल टपरीपुढं पडलेली. गडी तसाच खडीवरून चालत आला होता. सगळे पोट धरून हसले. भाऊसुद्धा हसले. "ध्यानच ऱ्हायलं न्हाई," म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांची बायको चिमाबाई ब्लाऊज शिवायला टाकायला दुकानात आल्या. बोलता बोलता गाडीवर घसरल्या. "त्या गाडीपायी येडं व्हायची पाळी आलीय. जेवणात ध्यान न्हाई, गोळीत ध्यान न्हाई. साखर निघालीय त्यांना, म्हाईत हाय का तुमाला? तपासणीच्या शिबिरात सांगितलंतं. गोळ्या आणून ठिवल्यात, खात्यात मनाला आलं तर. परवा आंघुळीला कडकडीत पाणी काढलं, इसण घालायच्या आदीच पाय घातला की बादलीत! मी बोंब मारली तवा काढला. घोट्यापतुर लाल. आन् म्हनत्यात काय, गाडीचा इचार करत व्हतो."

मी म्हटलं, "गाडी सुधारली ना आता?"

"कुटं? कालपास्नं परत तेच."

मार्गशीर्ष लागला होता. भात झोडून झालेलं, वावरं मोकळी, बांधाबांधावर पेंढा रचलेला. सकाळची दुसरी ट्रिप. गाडी गच्च भरलेली, मागं धोंडाबाई, आणि माझ्या बरोबर मागं एक लेकुरवाळी, तिच्या मांडीवर झोपलेलं तान्हं. चढ पहिल्या गेअरात कसाबसा निघाला. वास असा सुटला की मी पदर नाकाला लावला. खिंड ओलांडली, उतार लागला. पहिलं वळण घेताना भाऊंचा गुडघा खालीवर होताना मला दिसला. एकदा, पुन्हा, पुन्हा. ते ब्रेक मारत होते आणि ब्रेक लागत नव्हता.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. गेअर खाली पाडला, हॅण्डब्रेक खेचला, हॉर्नवर हात ठेवला. तरी गाडी धावतच होती. पुढं दुसरं वळण, त्याच्याखाली खोल ओढा. भाऊंनी वळणाच्या अलीकडेच जीप उजवीकडे घातली, बांध तोडून वावरात नेली आणि पेंढ्याच्या ढिगात घुसवली. दणका बसला, माझं कपाळ काचेला लागलं. मग सगळं थांबलं आणि ते तान्हं रडायला लागलं. इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नसेल.

कुणाला फारसं लागलं नव्हतं. लोक उतरले, एकमेकांना चाचपून पाहिलं, आणि मग सगळे भाऊंभोवती जमले. "बाजीराव होता म्हणून वाचलो!" "दुसरा असता तर वढ्यात असतो!" त्या लेकुरवाळीनं बाळाचं डोकं त्यांच्या पायाशी टेकवलं. ते खरंही होतं, वाचवलं त्यांनीच. भाऊंचे ओठ मात्र पांढरे पडले होते. मागून दुसऱ्या जीपा आल्या, त्यांतून बाकीचे पुढं गेले. मी थांबले, कारण माझे गठ्ठे टपावर होते आणि भाऊंना एकटं सोडायला मन होईना. धोंडाबाई थांबल्या, कारण त्यांना पुढं काय होतं ते बघायचं होतं. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

फोन केल्यावर सुहास मोटरसायकलवरून आला. धोंडाबाईंनी पाटीतलं ओलं फडकं चाकावर पिळून दाखवलं, तशी चुर्र आवाज होऊन वाफ निघाली.

"ब्रेक तापून गेलते," सुहास म्हणाला. "अख्ख्या चढावर लागल्यालेच व्हते ते, भाऊ. मग उतारावर कशानं धरतील? त्यात ढिले केल्याले."

"मग मी काय सांगत व्हतो? ब्रेक धरत्यात!"

"धरत्यात, खरं हाय. पण का धरत्यात?"

त्यानं सगळं गार होऊ दिलं. तोवर जॅकवर एकेक चाक उचललं. मोकळं. ब्रेक पुन्हा होते तसे घट्ट केले, तरी मोकळं. तो उकिडवा बसून बराच वेळ चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चढावर धरत्यात ना? मग चढावरच बघू. तुमी चालवा, मी मागनं येतो. गार गाडी हाय, चढाचं भ्या न्हाई."

"भरून घे," भाऊ लगेच म्हणाले. "रिकामी पळंल."

म्हणून आम्ही दोघी बसलो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? दोन बाया म्हणजे काही भरलेली गाडी नव्हे, एकट्या धोंडाबाई तिघांच्या बरोबरीच्या असल्या तरी. वावरवाल्यानं बांधाचे धोंडे आणून गाडीत मागं टाकले. भाऊंनी चपला काढून सीटखाली सारल्या. बांध चढून जीप रस्त्यावर आली आणि ज्या खिंडीतून उतरलो होतो तिकडे परत निघाली.

पुन्हा तेच. दोर लावून धरल्यासारखी. इंजिन ओरडतंय, भाऊ दाबतायत, आणि गाडी पाऊल मोजत चाललीय. अर्धा चढ झाला असेल, सुहास मोटरसायकल पुढं घालून हात करायला लागला. गाडी थांबली. धोंडाबाईंनी उतरून चाकाला दगड लावला आणि परत मागं चढून आमच्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या.

"भाऊ, मागचा लाल दिवा पेटल्याला हाय," सुहास म्हणाला. "निघाल्यापास्नं. इझलाच न्हाई."

"स्विच गेला असंल."

सुहासनं वाकून ब्रेकचा स्विच काढून बघितला, परत बसवला. भाऊंना पाय वर घ्यायला सांगितला आणि मागं जाऊन आला. दिवा विझला होता. स्विच चांगला होता. तो ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिला आणि मला दिसलं की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललंय.

"भाऊ, गाडी बंदच ऱ्हाऊ द्या. चालवताना ठिवता तसा पाय ठिवा."

भाऊंनी ठेवला. मी माझ्या जागेवरून बघत होते. बोटं ॲक्सिलेटरवर होती. पण अंगठा आणि त्याच्यामागचा अर्धा तळवा शेजारच्या ब्रेकवर चढला होता. आयुष्यभर अनवाणी चालून पसरलेला तो रुंद पाय दोन्ही पट्ट्यांवर निवांत पडला होता.

"ब्रेकवर पाय हाय का, भाऊ?"

"न्हाई."

"ॲक्सिलेटर दाबा."

भाऊंनी दाबला. दोन्ही पट्ट्या बरोबरच खाली गेल्या.

म्हणजे इतके दिवस, जितकं जोरानं ते गाडीला पुढं न्यायला बघत होते, तितक्याच जोरानं स्वतःच तिला धरून ठेवत होते. आणि त्यांना कळत नव्हतं.

सुहासनं खिशातला पाना काढला. "भाऊ, जरा डोळं मिटा. मी ह्यो पाना पायाला लावतो. लावला की व्हय म्हना."

भाऊ हसले. "काय पोरखेळ लावलास?" पण त्यांनी डोळे मिटले.

सुहास खाली बसला. त्यानं पाना भाऊंच्या अंगठ्यावर टेकवला आणि दाबला. कातडी पांढरी पडली. मी भाऊंच्या तोंडाकडे बघत होते. तिथं काहीच नव्हतं. सुहासनं पाना तळव्याला लावला, आणखी जोरानं दाबला.

"आरं लाव की," भाऊ म्हणाले. "गाडी रस्त्यात हुबी हाय. मागनं कुनी आलं म्हंजे?"

धोंडाबाईंना राहवलं नाही. "लावलाय की रं त्यानं कवाधरनं!"

भाऊंनी डोळे उघडले. पाना तळव्यातच रुतलेला होता. सुहासनं तो काढून खाली ठेवला, तरी त्याचा वळ तसाच राहिला. भाऊ त्या वळाकडे बघत होते, दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसे.

"परत लाव," ते म्हणाले. "माजं ध्यान न्हवतं."

त्यांनी डोळे मिटले, या वेळी घट्ट, कपाळाला आठ्या घालून. सुहासला पाना उचलवेना. त्याचा हात हवेतच राहिला होता.

"व्हय!" भाऊ मोठ्यानं म्हणाले. "लागला. हितं, अंगठ्याला."

मला रडू आलं. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. सुहासनं काही लावलेलंच नाही, हे त्यांना कुणी सांगायचं? शेवटी त्यांनीच डोळे उघडले आणि त्याचा रिकामा हात बघितला. मग त्यांचा संताप उसळला.

"तुला माजी गाडी पायजे का? सरळ सांग. प्रदीपनं शिकवलंय व्हय तुला? ज्या पायानं तुला शिकवलं त्यो पाय तू मला नापास करतोस?"

सुहासच्या डोळ्यांत पाणी होतं. पण तो मागं सरला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. "भाऊ, माज्या चुलत्याचं असंच झालंतं," तो म्हणाला. "साखरनं पायाची जाण जाती. त्यास्नी खिळा रुतल्याला कळला न्हवता, रगात बघून आमाला कळलं. नोझल, फिल्टर, ब्रेक... मी सगळं बघितलं, भाऊ. गाडीत काय बी न्हाई. आज तान्हं पोर व्हतं गाडीत."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि भाऊंचा राग जसा आला तसा उतरला. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर रस्त्याकडे बघत बसले. एक जीप हॉर्न देत बाजूनं वर गेली, त्यांनी मान वळवली नाही.

मग त्यांनी दार उघडलं आणि अनवाणीच खाली उतरले. गाडीला धरून धरून मागं आले. मी म्हटलं, "भाऊ, पुढं बसा माझ्या जागेवर, मी जाते मागं." त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि मागच्या बाकावर, धोंडाबाईंच्या समोर बसले. स्वतःच्या गाडीत मागं बसलेले बाजीराव मी पहिल्यांदाच पाहिले. बाकावर कुठं धरायचं ते त्यांना उमगेना.

"चल," ते सुहासला म्हणाले. "आता भरल्याली हाय. बघू दे मला."

सुहासनं मोटरसायकल कडेला लावली. जीपमध्ये बसण्याआधी त्यानं चपला काढल्या. दगड काढला, गाडी सुरू झाली आणि निघाली. तीच गाडी, तोच चढ, तेच धोंडे आणि त्याच आम्ही. पहिला, दुसरा, आणि वळण यायच्या आत तिसरा. खिंड भराभर जवळ आली. वास नाही, ओरडणं नाही. मी मनात म्हणत होते, अडू दे, एकदा तरी अडू दे. गाडी नादुरुस्त निघावी म्हणून मी कधी इतकी तळमळले नव्हते.

"कितव्यात हाय?" मागून भाऊंनी विचारलं.

"तिसऱ्यात, भाऊ."

"रेटावी लागतीय का?"

सुहासनं नुसती नकाराची मान हलवली.

मी मागं वळून बघितलं. भाऊंनी उजवा पाय उचलून मांडीवर घेतला होता. दोन्ही हातांनी ते तळवा चोळत होते, अंगठा पिळत होते, बोटं एकेक करून ओढत होते, जोर लावून, घाम येईपर्यंत. धोंडाबाईंनी पुढं होऊन त्यांचा हात धरला.

"असू दे बाजीराव. कातडं निघंल."

"येईल," ते म्हणाले. "मुंग्या आल्यात नुसत्या. जरा चोळलं की येईल."